स्लाऊमधलं माळरान

मी लंडनजवळच्या स्लाऊला आले ती ऑक्टोबर २००५ मध्ये. पुण्याच्या कंपनीने वर्क परमिटवर पाठवलं होतं. ऑफिस ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत होतं आणि राहायला खोली मिळाली गजभिये यांच्या घरी, वरच्या मजल्यावर. घरात नवराबायको दोघंच. मुरलीधरकाका एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. मधुमतीकाकू तेव्हा पंचावन्नच्या होत्या. मुलं लंडनमध्ये हॅरोला, आपापल्या संसारात. काकू मूळच्या उमरेडजवळच्या एका खेड्यातल्या. लग्न झाल्यावर १९७४ साली थेट इथे आल्या. त्यामुळे त्यांची मराठी अजून तिकडचीच होती आणि मधूनमधून पक्कं स्लाऊचं इंग्लिश.

जानेवारीतल्या एका सकाळी मी दह्यासाठी फ्रिज उघडला. भाजीच्या ड्रॉवरमध्ये भाजी नव्हतीच. ओल्या वाळूने भरलेल्या आठ पिशव्या होत्या, झिप लावलेल्या, प्रत्येकीवर निळ्या मार्करने एक नाव आणि तारीख.

"काकू, हे काय आहे?"

"बिया आहेत बाई," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "थंडी खाऊन राहिल्या. मार्चपर्यंत राहू दे तिथंच."

मुरलीधरकाका चहा पीत बसले होते. "दुसरी वेळ आहे ही," ते म्हणाले. "मेथी बाहेर खिडकीत ठेवतो आम्ही. पाहुण्यांना रेती दाखवतो."

त्या पिशव्यांची हकीकत मला नंतर कळत गेली, बहुतेक रविवारी, काकूंच्या हाताखाली काम करताना.

काकूंनी चोवीस वर्षं औषधांच्या एका कारखान्यात काढली होती. पट्ट्यावरून गोळ्या सरकत जायच्या. एखादी फुटलेली, टवका उडालेली दिसली की पट्टा न थांबवता ती बोटाने उचलायची. एवढंच काम, पण त्यांच्यासारखं ते कुणाला जमत नसे. २००२ मध्ये ती लाइनच बंद झाली. शेवटच्या दिवशी केक कापला, कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि काकू घरी बसल्या.

"साडेपाचला डोळे उघडायचे," त्या मला म्हणाल्या होत्या, "अन् उठून काय करायचं ते समजायचं नाही. कपाटं तीन-तीनदा आवरून झाली. काका म्हणे, आता भिंती धुशील का?"

घरामागे अलॉटमेंट आहे, म्हणजे लोकांना भाजीपाला लावायला दिलेले जमिनीचे तुकडे. दुकानात जायची जवळची वाट त्यातूनच जाते. फेब्रुवारी २००३ मध्ये काकू त्या वाटेने चालल्या होत्या. एका जुन्या ग्रीनहाऊसचं दार उघडं होतं आणि आत एक उंच म्हातारा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होता. काकूंना वाटलं, पडला.

"तुम्हाला लागलं का?" त्यांनी दारातून विचारलं.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. "बी सांडलं. कुठे सांडलं ते मला दिसत नाही."

हे लेन प्रिचर्ड. रेल्वेत सिग्नल दुरुस्त करण्यात जन्म गेला होता. वय एकोणऐंशी. दोन्ही डोळ्यांत मधोमध एक राखाडी डाग वाढत चालला होता. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं नाही. काकूंनी खरेदीची पिशवी खाली ठेवली, बोट जिभेला लावलं आणि दाणे टिपायला सुरुवात केली. पाव तासात सगळं बी बशीत होतं. लेन नुसते उभे होते.

"हे कुठे शिकलात?"

"फॅक्टरीत."

"उद्या येऊ शकाल?" त्यांनी विचारलं. मग घाईने म्हणाले, "तुम्हाला दुसरं काही काम नसेल तर."

काकूंना दुसरं काहीच काम नव्हतं.

ते बी साधं नव्हतं. लेनची बायको जोन मूळची अमेरिकेतली, आयोवाची. तिकडे पूर्वी शेकडो मैल नुसती गवताची रानं होती, प्रेअरी म्हणतात त्यांना. माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत आणि त्यात फुलंच फुलं. नांगरटीत ती बहुतेक गेली. राहिली ती कुठे रेल्वेच्या कडेला, कुठे जुन्या कब्रस्तानांत, जिथे नांगर फिरला नाही. जोन चाळीसहून जास्त वर्षं स्लाऊमध्ये राहिली, पण इथलं गवत बघून नेहमी म्हणायची, "हे गवत नाही, ही सतरंजी आहे." २००१ मध्ये ती गेली. त्या वर्षी तिची बहीण रूथने गावच्या कब्रस्तानात हिंडून अकरा जातींचं बी गोळा केलं आणि कॉफीच्या डब्यात भरून लेनला पाठवलं. प्रत्येक पुडीवर नाव होतं. कसं लावायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. तिला वाटलं असणार, लेनला कळेल.

लेनना टोमॅटो कळत. २००२ मध्ये त्यांनी त्यातलं काही बी टोमॅटोसारखंच लावलं, हीटर लावून, उबेत. काही उगवलं नाही. रूथला विचारायला फोन केला तर ती नर्सिंग होममध्ये होती आणि लेन कोण हेही तिला आठवत नव्हतं.

२००३ मध्ये काकूंच्या बोटांनी बियांचा दुसरा हिस्सा लावला. एकेक दाणा मोजून, ट्रेच्या एकेका खणात. पुन्हा उबेत. काकू रोज सकाळी जाऊन बघायच्या. मे महिन्यापर्यंत ट्रेमध्ये शेवाळ धरलं. लेन म्हणाले, "बी मेलेलं असेल. सोडून देऊ." डब्यात एक तृतीयांश बी उरलं होतं.

काकूंनी सोडलं नाही. त्यांच्या डोक्यात बाभळी आल्या. त्यांच्या वडलांकडे शेळ्या होत्या. बाभळीची बी मातीत नुसती टाकली तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहायची. पण शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की लेंडीबरोबर पडलेली बी पहिल्या पावसाला कोंडवाड्याभोवती तरारून उगवायची. लहानपणी काकू ती रोपं उपटून कुंपणाला लावत.

सप्टेंबरमध्ये त्या लेनना म्हणाल्या, "बाभळीला शेळीच्या पोटातून जावं लागते, तेव्हा ती उगवते. ह्या बियांना त्यांच्या गावी काय होते?"

"काय होणार? तिकडे कोण शेळ्या पाळतं?"

"तसं नाही. बी पिकून खाली पडलं. मग? पुढे काय?"

लेननी विचार केला. ते १९५८ च्या जानेवारीत जोनच्या माहेरी गेले होते. "मग बर्फ," ते म्हणाले. "खिडकीच्या चौकटीपर्यंत. जमीन लोखंडासारखी. मार्च संपेपर्यंत कुदळ शिरत नाही."

"अन् आपण त्यांना हीटर लावला," काकू म्हणाल्या.

लेननी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "मिसेस जी, तुमचा फ्रिज केवढा आहे?" गजभिये हे नाव त्यांच्या तोंडी बसत नसे.

असं ते ठरलं. डिसेंबरमध्ये उरलेलं बी ओल्या वाळूत मिसळून पिशव्यांत भरलं. मुरलीधरकाकांनी आधी विरोध केला, मग स्वतःच ड्रॉवर रिकामा करून दिला. मार्च २००४ मध्ये वाळूसकट बी ट्रेमध्ये पसरलं, या वेळी हीटर बंद. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी काकूंना एका ट्रेमध्ये हिरवे ठिपके दिसले. त्यांनी भिंगाने पाहिलं. मग दुसऱ्या ट्रेमध्ये दिसले. त्या तशाच, चप्पल पायात आणि भिंग हातात, लेनच्या घरापर्यंत चालत गेल्या आणि दार वाजवलं.

"आले," त्या म्हणाल्या.

लेन कोट न घालता आले. ठिपके त्यांना दिसेनात. काकूंनी त्यांचं बोट धरलं आणि अलगद त्या अंकुरांवरून फिरवलं. लेन वाकून उभे होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ट्रेमध्ये पडत होतं. हे मला काकूंनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मनात म्हटलं, रडू दे. तीन वर्षांचं साठलेलं होतं."

अकरापैकी नऊ जाती उगवल्या. त्यात कंपास प्लांटची सात रोपं होती. ही जोनची सर्वांत लाडकी, सूर्यफुलाच्या कुळातली. पण ती आधी जमिनीत मूळ घालते, पुरुषभर खोल, आणि फुलायला चार-पाच वर्षं घेते. पहिल्या वर्षी वर दिसतं ते एखादं पान.

पुढच्या वर्षी लेनच्या तुकड्यावर सगळं लावलं आणि जुलैत पहिली फुलं आली, फिक्या जांभळ्या पाकळ्या खाली लोंबणारी. एका गवताच्या तुऱ्यांना तर धण्यांचा वास येत होता. लेन त्यापाशी खुर्ची टाकून बसायचे. काकूंनी त्या वर्षी आपलं स्वतःचं बी धरलं, आणि तेच मी जानेवारीत फ्रिजमध्ये पाहिलं.

त्यानंतरचं मी पाहिलेलं आहे.

२००६ चा उन्हाळा फार कडक होता. होजपाइप वापरायला बंदी होती, लोक झारीने पाणी घालत होते आणि तरी घेवडा वाळत होता. त्यातच लेनना अलॉटमेंटच्या कमिटीचं पत्र आलं. प्लॉट भाजीपाल्यासाठी आहे, त्यावर तण माजलं आहे अशी तक्रार आली आहे, महिन्याभरात साफ करावा. मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"तण म्हणतात?"

"वीड्स असं लिहिलंय."

त्यांचा चेहरा पडला. रात्री त्या जेवल्या नाहीत.

मीटिंग एका शेडमध्ये होती. मीही गेले. पंधरा-वीस माणसं, बहुतेक म्हातारी. लेन बोलायला उठले आणि त्यांचा आवाज चिरकला. ते खाली बसले. मग काकू उठल्या. इतक्या वर्षांत त्या कुठल्याही मीटिंगमध्ये बोलल्या नव्हत्या, फॅक्टरीतसुद्धा नाही. त्यांचे हात पदराशी गेले आणि पदर नव्हता, कार्डिगन होतं.

"मी एप्रिलपासून ह्या झाडांना पाणी दिलं नाही," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "एक झारी पण नाही. तुम्ही येऊन बघा. मग काय ते ठरवा."

एवढंच. कुणीतरी खोकलं. सेक्रेटरी मिस्टर धालीवाल होते, जालंधरकडचे, कडक म्हणून प्रसिद्ध. ते उठले आणि म्हणाले, "चला, बघू तरी."

सगळे रांगेने गेले. दोन्ही बाजूंनी पिवळे पडलेले मटार, माना टाकलेला भोपळा. आणि लेनच्या प्लॉटवर कमरेएवढं गवत, त्यात जांभळे तुरे, आणि मधमाश्या इतक्या की आवाज येत होता. धालीवाल तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांचा स्वतःचा घेवडा गेला होता.

"नियम नियम आहे," शेवटी ते म्हणाले. "प्लॉटवर भाजी पाहिजे. पण रेल्वेच्या कुंपणाकडची पट्टी रिकामी आहे. विटांचा चुरा आहे तिथे, तीस वर्षांत कुणी मागितली नाही. ती घ्या. शरदात हलवा सगळं."

काकूंनी विचारलं, "अन् ती सात? त्यांची मुळं खोल गेली. हलवली तर मरतील."

धालीवालांनी त्या सात झाडांकडे पाहिलं. करवतीसारखी कापलेली मोठी पानं, फूल एकही नाही.

"हे कशापैकी आहे?"

"सूर्यफुलापैकी."

"मग रजिस्टरमध्ये सूर्यफूल लिहितो," ते म्हणाले. "सूर्यफूल खातात. राहू दे."

त्या ऑक्टोबरमध्ये चार रविवार आम्ही झाडं हलवली. धालीवाल स्वतः ढकलगाडी घेऊन आले. मुरलीधरकाकांनी विटांचा चुरा कुदळीने फोडून दिला आणि प्रत्येक घावाला एक शिवी घातली, अगदी हळू आवाजात. काकू म्हणत होत्या, खत घालू नका, ह्यांना गरिबीचीच सवय आहे. ती पट्टी साठ पावलं लांब होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात गाडीतून जाणारे लोक खिडकीतून बघायला लागले.

कंपास प्लांट फुललं ते २००८ च्या जुलैमध्ये. दांडा आठ फूट वर गेला आणि त्यावर पिवळी फुलं. त्या दिवशी शनिवार होता. लेन चौऱ्याऐंशीचे होते आणि आता त्यांना फक्त उजेड कळत होता. काकूंनी आणि मी त्यांना हाताला धरून नेलं. काकूंनी दांडा वाकवला आणि एक फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. लेननी ते चाचपलं, मग हात खाली नेत खालची पानं चाचपली. ती पानं जाड असतात, खरखरीत, आणि सपाट पसरत नाहीत. उभी राहतात, एक कड उत्तरेला, एक दक्षिणेला. म्हणून तर ते नाव, कंपास म्हणजे होकायंत्र.

लेननी एका पानाच्या दोन्ही कडा दोन हातांत धरल्या आणि उन्हाकडे पाठ होईल असे स्वतः सावकाश वळले.

"हे उत्तर," ते म्हणाले. "म्हणजे रेल्वे माझ्या पाठीमागे."

दोनेक मिनिटांनी लंडनकडे जाणारी गाडी बरोबर त्यांच्या पाठीमागून गेली. लेन इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. मग त्यांनी दांड्यावर कुठे चीक सुकलेला आहे का ते बघायला सांगितलं. काकूंनी एक थेंब काढून दिला. जोन लहानपणी तो च्युइंग गमसारखा चघळायची. लेननी तो तोंडात टाकला.

"कसा लागतो?" मी विचारलं.

"फर्निचर पॉलिशसारखा," ते म्हणाले आणि चघळत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी काकूंचा हात शोधला. "मधुमती," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावाने. "तिचं गाव मला परत बघता आलं. थँक यू."

काकू म्हणाल्या, "लेनभाऊ, मी घरी कपाटं आवरत बसले होते. तुम्ही मला बोलावलं. थँक यू मी म्हणायचं."

दोघंही मग संकोचले. काकूंनी पानावरचा एक किडा झटकला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली. बँकेचा प्रोजेक्ट होता आणि बँकांचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. व्हिसा नोकरीला बांधलेला. आईबाबांना मी सांगितलं नव्हतं. मी खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची आणि काही करायची नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार वाजवलं.

"उठ. गवताचं बी साफ करायचं आहे."

"काकू, मला अर्ज करायचेत."

"दुपारी कर. सकाळी माझ्यासोबत चल."

दोन महिने मी सकाळी ग्रीनहाऊसमध्ये गेले. बी चाळलं, वाळू भिजवली, ट्रे धुतले. काकू फारसं बोलत नसत. कधी विचारत नसत, काही कळलं का म्हणून. दुपारी मात्र बरोबर दोन वाजता घड्याळ दाखवायच्या आणि मी अर्ज लिहायला घरी जायची. फेब्रुवारीत ग्लासगोच्या एका कंपनीने घेतलं. मी सांगितलं तेव्हा काकूंनी आधी हात पुसले, मग माझ्या डोक्यावर ठेवले. घरच्या लोकांना त्याच संध्याकाळी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं.

जाताना त्यांनी मला बारा रोपं दिली, दोन वर्षांची, एका खोक्यात. ट्रेनमध्ये ते खोकं मी पूर्ण वेळ मांडीवर ठेवलं होतं.

लेन आता एका वृद्धाश्रमात आहेत, तिथल्या बागेत काकूंनी एक वाफा करून दिला आहे. मुद्दाम वासाची झाडं निवडली, हातांना कळतील अशी पानं निवडली. दर गुरुवारी त्या जातात. ग्रीनहाऊस लेननी त्यांच्या नावावर केलं. या वसंतात त्यांनी नव्या दवाखान्याच्या बागेसाठी सहाशे रोपं तयार केली आणि शनिवारी सकाळी शिकायला सात बायका येतात. त्यातल्या तीन त्यांच्याच जुन्या लाइनवरच्या आहेत. बोटं तयारच होती, काकू म्हणतात. त्या ज्यांचे आभार मानतात त्यांची यादी मोठी आहे. त्यात धालीवाल आहेत, न भेटलेली जोन आहे, आणि सहाशे रोपांच्या वेळी आठ फेऱ्यांत ट्रे बसमध्ये चढवू देणारा एक ड्रायव्हरही आहे, ज्याचं नाव त्यांना अजून माहीत नाही. त्याला त्यांनी तिळाचे लाडू दिले.

ग्लासगोला पाऊस फार. माझ्या बारापैकी पाच रोपं सडली. उरलेल्यांपैकी चारांना ऑगस्टमध्ये तुरे आले. ब्लेझिंग स्टार नावाचं झाड आहे ते, बाटली धुवायच्या जांभळ्या ब्रशसारखं दिसतं. मी लगेच फोन केला.

"काकू, फुलली. चार."

"वरून फुलून राहिली की खालून?"

मी खिडकीतून नीट पाहिलं. "वरून."

"बरोबर आहे. वरूनच फुलते ती," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं आणि झारीचा आवाज येत होता. "चांगलं केलंस बाई. आता ठेवते, माझे हात मातीचे आहेत."